वॉरन झीवॉनचा 'स्टँड इन द फायर' कसा ऐकायचा: आधी बँड, मग शब्द

लाइव्ह अल्बम म्हटलं की एक ठरलेला साचा डोळ्यासमोर येतो, गाजलेली गाणी स्टुडिओत होती तशीच पण जरा खरखरीत, मधे मधे टाळ्या, आणि एखादा ड्रम सोलो जो संपता संपत नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत असले डबल अल्बम पोत्याने निघाले आणि त्यातले बरेचसे आज कुणी फुकट दिले तरी नको. अमेरिकन रॉक गायक आणि गीतकार वॉरन झीवॉन याचा 'स्टँड इन द फायर' त्यातला नाही. १९८० च्या ऑगस्टमध्ये वेस्ट हॉलिवूडला सनसेट बुलेव्हार्डवरच्या रॉक्सी नावाच्या छोट्या थिएटरात हा रेकॉर्ड झाला, त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असायलम कंपनीने बाजारात आणला, एकच एलपी, दहा गाणी, बास.

पण हा अल्बम असाच थेट लावला तर बऱ्याच जणांना कळत नाही की लोक एवढं कौतुक कशाचं करतात, कारण निम्मी मजा बदललेल्या गोष्टींत आहे आणि मुळात काय होतं तेच माहीत नसेल तर बदल दिसणार कुठून. त्यात आपल्याकडे इंग्रजी गाणं ऐकताना सवय अशी की आधी शब्द शोधायचे, अर्थ लावायचे, आणि मग गाणं ऐकायचं. इथे नेमकं उलटं करा. हा अल्बम गायकाचा वाटतो पण तो उभा आहे बारमध्ये वाजवून वाजवून तयार झालेल्या एका बँडवर, तेव्हा आधी बँड पकडा, शब्द नंतर येतातच. खाली मी ज्या क्रमाने ऐकायला सांगतोय त्याच क्रमाने गेलात तर दोन-तीन संध्याकाळींत अल्बम हातात येईल, घाई नको.

आधी हा माणूस कोण

झीवॉन १९४७ चा, जन्म शिकागोचा, वाढला कॅलिफोर्नियात. बाप युक्रेनमधून आलेला ज्यू, धंदा जुगाराचा, लॉस एंजेलिसचा गुंड मिकी कोहेन याच्याशी उठबस. आणि दुसऱ्या टोकाला असं की पोरगा शाळकरी वयात थेट इगोर स्ट्राविन्स्कीच्या घरी जाऊन बसायचा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा संगीतकार म्हणता येईल असा माणूस. ही दोन्ही टोकं त्याच्या गाण्यांत कायम आहेत, रचना शिकलेल्या माणसाची आणि पात्रं सगळी भाडोत्री सैनिक, जुगारी, खुनी, दारुडे.

सत्तरच्या सुरुवातीला तो एव्हरली ब्रदर्स या गाणाऱ्या भावांच्या जोडीचा पियानोवादक आणि बँड सांभाळणारा होता. मग जॅक्सन ब्राउन या गायक मित्राने ओळखी लावून असायलममध्ये घुसवला, १९७६ चा अल्बम त्यानेच प्रोड्यूस केला. १९७८ ला 'एक्सायटेबल बॉय' आला आणि त्यातलं 'वेअरवुल्व्ज ऑफ लंडन' बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत २१ नंबरपर्यंत गेलं. एवढंच. तेवढा मोठा हिट परत कधी झाला नाही. पण ज्यांना तो आवडला त्यांना जन्माचा आवडला, डेव्हिड लेटरमनसारखा टीव्हीवाला शेवटपर्यंत त्याच्या मागे उभा राहिला, आणि २०२५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला म्युझिकल इन्फ्लुएन्सचा सन्मान दिला, तो जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. ठीके, उशिरा का होईना.

दारूचं सांगायलाच हवं कारण ते या अल्बमच्या मागेपुढे सगळीकडे आहे. १९८१ च्या मार्चमध्ये रोलिंग स्टोन मासिकात पॉल नेल्सनने त्याच्या दारूवर आणि त्यातून बाहेर यायच्या धडपडीवर मोठा लेख लिहिला, म्हणजे हा अल्बम दुकानात होता तेव्हाच. बंदुकांचं वेडही होतं. अल्बमवर मधेच तो जी धमकी देतो ती या माहितीनंतर वेगळीच ऐकू येते, ते पुढे सांगतो.

आता बँड, कारण खरा मुद्दा तिथेच आहे

स्टुडिओतल्या अल्बमवर झीवॉनसोबत लॉस एंजेलिसचे एक नंबर लोक वाजवायचे. वॅडी वॉक्टेलची गिटार, रस कंकल, रिक मरोटा, लीलंड स्क्लार असली नावं, म्हणजे त्या काळात ज्या गायकाचं नाव घ्याल त्याच्या रेकॉर्डवर हेच. 'वेअरवुल्व्ज'साठी बास-ड्रमच्या बऱ्याच जोड्या आजमावून झाल्या आणि शेवटी फ्लीटवुड मॅक या गाजलेल्या बँडचे मिक फ्लीटवुड आणि जॉन मॅकव्ही यांना आणलं. इतका खर्च, इतकी काळजी.

१९८० च्या टूरला मात्र त्याने दुसराच मार्ग धरला. बोल्डर नावाचा एक तयार बँड उचलला, ज्यांनी १९७९ च्या आपल्या अल्बमवर झीवॉनचंच 'जॉइन मी इन एलए' वाजवलेलं होतं. झीक झर्नगीबल गिटारवर, बॉब हॅरिस सिंथसायझर आणि पियानो, रॉबर्टो पिन्यॉन बास, मार्टी स्टिंगर ड्रम. यांच्यात लीड गिटारला बाहेरून आणला डेव्हिड लँडाऊ, रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा मॅनेजर जॉन लँडाऊ याचा भाऊ. टूरचं नाव ठेवलं होतं 'द डॉग एट द पार्ट वी डिडन्ट लाइक', आवडला नाही तो भाग कुत्र्याने खाल्ला, हे असलं नाव ठेवणारा माणूस स्टेजवर कसा असेल त्याची कल्पना करा.

बार बँड म्हणजे काय ते जरा समजून घ्या. रात्रीत तीन-चार सेट, समोर लोक बिअर पितायत, अर्ध्यांचं लक्ष नाही, कुणीतरी फर्माईश ओरडतंय, आवाज नीट येत नाहीये, आणि तरी लोकांना नाचवायचंय कारण लोक नाचले नाहीत तर पुढच्या आठवड्यात तुम्हाला बोलावणार नाहीत. अशा ठिकाणी नाजूक काम चालत नाही. गाणं कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, गायक भरकटला तर किती वेळ त्याच दोन कॉर्डवर घिरट्या घालायच्या, हे सगळं अंगात मुरावं लागतं. आणि झीवॉन भरकटणारा गायक. म्हणून ही जोडी जमली.

पायरी पहिली: नीट आवृत्ती शोधा

मूळ एलपीवर एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला पाच गाणी. अमेरिकेत हा अल्बम सीडीवर बरीच वर्षं नव्हताच, २००७ ला ऱ्हायनो कंपनीने काढला आणि त्यात चार जास्तीची गाणी घातली. ॲपवर शोधाल तेव्हा तीच चार शेपटाला लागलेली दिसतील. पहिल्या वेळी दहाव्या गाण्यानंतर बंद करा. हे मी फार गांभीर्याने सांगतोय, कारण दहावं गाणं हा शेवट आहे, तो तसा बांधलाय, आणि त्याच्यावर लगेच अकरावं सुरू झालं की सगळं पाणी पडतं. क्रम तपासून घ्या: 'स्टँड इन द फायर', 'जीनी नीड्स अ शूटर', 'एक्सायटेबल बॉय', 'मोहम्मद्स रेडिओ', 'वेअरवुल्व्ज ऑफ लंडन', 'लॉयर्स, गन्स अँड मनी', 'द सिन', 'पुअर पुअर पिटिफुल मी', 'आय विल स्लीप व्हेन आय ॲम डेड' आणि शेवटी जुन्या रॉक अँड रोलमधला गायक-गिटारवाला बो डिडली याच्या दोन गाण्यांची जोडगोळी. शफल बंद आहे ना ते बघा, फोनमध्ये ते आपोआप चालू असतं बऱ्याचदा.

पायरी दुसरी: सात गाणी आधी स्टुडिओतली ऐका

दहापैकी 'स्टँड इन द फायर' आणि 'द सिन' ही दोन नवी, ती स्टुडिओत नाहीतच. शेवटचं बो डिडलीचं. राहिली सात. तीन १९७६ च्या 'वॉरन झीवॉन' अल्बमवर आहेत (मोहम्मद, पुअर पुअर, स्लीप), तीन १९७८ च्या 'एक्सायटेबल बॉय'वर (एक्सायटेबल बॉय, वेअरवुल्व्ज, लॉयर्स) आणि 'जीनी' १९८० च्याच 'बॅड लक स्ट्रीक इन डान्सिंग स्कूल'वर. सातांची एक प्लेलिस्ट करा आणि काम करता करता, स्वयंपाक करता करता, ट्रेनमध्ये, कसंही दोन-चार वेळा जाऊ द्या कानावरून. अभ्यास नको. चाल ओळखीची झाली की पुरे.

यात एकच गोष्ट मुद्दाम ऐका, मागचे आवाज. 'मोहम्मद्स रेडिओ'त मागे फ्लीटवुड मॅकचेच लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स गातायत. 'एक्सायटेबल बॉय'मध्ये मागे जी गोड मुलींची ऊ-वाह-ऊ आहे ती लिंडा रॉनस्टॅड आणि जेनिफर वॉर्न्स या गायिकांची, आणि मधे जिम हॉर्नचा सॅक्सोफोन. गाणं आहे एका पोराचं, जो अंगाला भाजलेलं मटण चोळतो, थिएटरातल्या पोरीच्या पायाला चावतो, मग एका मुलीला नाचाला नेऊन मारून टाकतो, आणि प्रत्येक कडव्यानंतर सगळे म्हणतात, अहो जरा उतावळा आहे मुलगा. त्या गोड आवाजांमुळे तो विनोद अजून काळा होतो. रॉक्सीत ते आवाज नाहीत, सॅक्सोफोन नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी तिसरी: कशावर ऐकायचं

फोनच्या स्पीकरवर नको, बासच गायब होतो आणि या अल्बममधून बास-ड्रम काढले की उरतो फक्त ओरडणारा एक माणूस. साधे वायरवाले इअरफोन चालतील, घरात बरे स्पीकर असतील तर उत्तम. इक्वलायझरमध्ये बास बूस्ट वगैरे लावलं असेल तर काढा, मूळ रेकॉर्डिंग ग्रेग लडान्यी या जाणत्या इंजिनियर-प्रोड्यूसरने झीवॉनसोबत केलेलं आहे, त्यात पुरेसा दणका आहे. आवाज शेजारच्यांना जरा ऐकू जाईल इतका. रात्री अकरानंतर असेल तर हेडफोन, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येण्यापेक्षा बरं.

पायरी चौथी: एकदा सलग, मधे काही न करता

पाऊण तासाच्या आतलं काम आहे. शब्द समोर उघडू नका. कळलं नाही काही तरी चालेल. फक्त एवढं बघा की अल्बमचा वेग कुठे पडतो. पहिली तीन गाणी धावतात, चौथ्याला 'मोहम्मद्स रेडिओ' येतं आणि सगळं हळू होतं, पियानो पुढे येतो, मग 'वेअरवुल्व्ज'ने पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला मात्र दम घ्यायला जागाच नाही. एलपीच्या जमान्यात मधे उठून तबकडी उलटी करावी लागायची, तेव्हा तो श्वास आपोआप मिळायचा, आता तो तुम्हीच घ्या, पाच गाणी झाली की पॉज करून पाणी पिऊन या. मला तर वाटतं हा अल्बम सलग दहा गाणी ऐकायचा नाहीच, पाच अधिक पाच असाच आहे.

पायरी पाचवी: गायकाकडे दुर्लक्ष करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि लोक हीच टाळतात. 'वेअरवुल्व्ज ऑफ लंडन' लावा. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनच कॉर्डवर फिरतं, डी, सी, जी, डी, सी, जी, ध्रुवपदालाही तेच आणि कडव्यालाही तेच. गिटार शिकणारा कुठलाही पोरगा दुसऱ्या आठवड्यात वाजवू शकतो. म्हणजे बँडला लपायला जागा नाही, कॉर्ड बदलून रंगत आणता येत नाही, जे काय करायचं ते ठोक्यात आणि वजनात. आता फक्त स्टिंगरच्या ड्रमकडे कान द्या. झीवॉन काहीही बडबडू दे, लांडग्यासारखा विव्हळू दे, प्रेक्षक त्याच्यामागे विव्हळू देत, ड्रमर जागचा हलत नाही. तोच ठोका, तेवढ्याच वजनाचा, आणि त्या ठोक्याला चिकटून पिन्यॉनचा बास.

मग हेच 'लॉयर्स, गन्स अँड मनी'त करा. स्टुडिओतलं ऐका, लगेच लाइव्ह ऐका. स्टुडिओतलं टापटीप आहे, प्रत्येक वाद्याला आपली जागा. लाइव्हमध्ये सगळे एकाच वेळी दारातून आत घुसल्यासारखं वाजतं आणि तरी कुणाचा पाय कुणाच्या पायात येत नाही, ते उगाच होत नाही. लँडाऊची लीड गिटारही बघा, मोकळी जागा सापडली की तो भरतो पण झीवॉनच्या ओळीवर चढत नाही. मोठ्या नावाचे गिटारवाले लाइव्हमध्ये हमखास चढतात.

ज्यांना स्वतः बँडमध्ये वाजवायचंय, पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात शनिवार रात्री कव्हर वाजवणारी बरीच पोरं असतात, त्यांनी या पायरीवर एक आठवडा काढा. गाणं एक, ऐकायचं चार वेळा, एकदा ड्रम, एकदा बास, एकदा रिदम गिटार आणि एकदा कीबोर्ड. चौथ्या वेळी कळतं की कीबोर्ड काढला तर गाणं पोकळ होईल, इतका तो मागे राहून काम करतोय.

पायरी सहावी: आता शब्द, आणि काय बदललंय ते

आता शब्द उघडा, पण स्टुडिओतले, आणि लाइव्ह ऐकत त्याच्याशी ताडून बघा. जिथे जुळत नाही तिथे थांबा, मजा तिथेच आहे.

'वेअरवुल्व्ज'मध्ये मुळात लंडनच्या पावसात चिनी मेनू हातात घेतलेला नरलांडगा आहे, पुढे लॉन चेनी नावाचा जुना भयपटांचा नट राणीसोबत चालताना दिसतो, आणि शेवटी ट्रेडर व्हिक्समध्ये पिन्या कोलाडा पीत बसलेला तो लांडगा, त्याचे केस एकदम परफेक्ट. रॉक्सीत झीवॉनने ही सगळी वरात लॉस एंजेलिसला आणून सोडली. रस्त्यावरून सावकाश चालत येणारा माणूस आता जॅक्सन ब्राउन, ज्याने याला उभं केलं तोच मित्र, आणि त्याचे केस परफेक्ट नाहीत, त्याचं हृदय परफेक्ट. मुळात एक ओळ आहे की मला याच्या शिंप्याला भेटायला आवडेल, इंग्रजीत टेलर. लाइव्हमध्ये लांडगा शोधतोय जेम्स टेलर या गायकाला. सिनेमावाला ब्रायन डी पाल्माही मधे येऊन जातो. लक्षात घ्या, हे सगळे लोक त्याच गावातले, त्याच वर्तुळातले, खोलीतल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचे. मित्राची थट्टा पण आहे आणि आभार पण आहेत, दोन्ही एकाच ओळीत, आणि मला तरी हे मूळ ओळीपेक्षा जास्त आवडतं.

'मोहम्मद्स रेडिओ'त बदल राजकीय आहे. मुळात एक शेरीफ येतो ज्याच्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि त्या तो तुमच्यावर काढणार. ऑगस्ट १९८० मध्ये तेहरानच्या वकिलातीतले अमेरिकन लोक नऊ महिने ओलीस होते, नोव्हेंबरला निवडणूक, अध्यक्ष कार्टर पार गळपटलेले. झीवॉनने शेरीफच्या जागी इराणचा धर्मगुरू आयातुल्ला बसवला आणि जिमी कार्टरलाही त्याच रांगेत उभं केलं. भाषण नाही, टोमणा नाही, फक्त दोन नावं, आणि चार वर्षांपूर्वीचं गाणं आजच्या सकाळच्या पेपरातलं झालं. मागे बँड हळूच वाजवतोय, स्टीव्ही निक्सचा आवाज नाही म्हणून गाणं जरा उघडं पडलंय, आणि त्या उघडेपणामुळे ही ओळ नीट लागते.

'पुअर पुअर पिटिफुल मी' लिंडा रॉनस्टॅडने गाऊन हिट केलं होतं, छान, स्वच्छ, रेडिओला चालेल असं. मूळ गाणं मात्र जीव द्यायला रुळावर डोकं ठेवणाऱ्या माणसाचं आहे, आणि गंमत अशी की त्या रुळावरून आता गाडीच जात नाही. पुढे त्यात रेनबो बार येतो, तिथे भेटलेली बाई येते, मग हयात हाउस हॉटेल येतं आणि तिथे काय झालं ते सांगायला तो तयार नाही. आता नकाशावर बघा. रेनबो बार अँड ग्रिल रॉक्सीच्या अगदी शेजारी आहे, सनसेटवरच, चार पावलांवर. हयात हाउसही त्याच रस्त्यावर. म्हणजे ज्या जागेबद्दल गाणं आहे तिच्या भिंतीला लागून उभं राहून तो ते गातोय, समोर बसलेल्यांपैकी निम्मे शो संपल्यावर तिथेच जाणार. लॉस एंजेलिसकडे राहणारे आपले मराठी लोक असतील तर त्यांनी एकदा तिथून चालत जावं, रॉक्सी आणि रेनबो दोन्ही आजही चालू आहेत.

याच गाण्याच्या मधे ती धमकी येते. झीवॉन गाणं थांबवत नाही, बँड चालूच, आणि तो प्रेक्षकांत शोधतो, कुठे आहे जॉर्ज ग्रुएल, माझा रोड मॅनेजर, माझा जिवलग दोस्त. आणि मग म्हणतो की उठ आणि नाच, नाहीतर ठार मारीन, आणि माझ्याकडे त्याची सोय आहे. लोक हसतात. ज्याला बंदुकांचं माहीत आहे तो हसता हसता जरा थांबतो. हा तुकडा परत परत ऐका पण झीवॉनसाठी नाही, त्या वेळी बँड काय करतोय त्यासाठी. काहीच करत नाही. तोच पट्टा वाजवत राहतो, ना वेग वाढवतो ना कमी करतो, किती वेळ चालेल माहीत नाही, परत कधी ओळ पकडेल माहीत नाही, आणि पकडली की सगळे तिथेच हजर. वर्षानुवर्षं बारमध्ये वाजवल्याशिवाय हे येत नाही, आणि स्टुडिओतल्या महागड्या लोकांना हे कुणी कधी करायलाच लावत नाही.

'जीनी नीड्स अ शूटर' वर फार वेळ घालवू नका पहिल्यांदा. एवढं माहीत असू द्या की हे ब्रूस स्प्रिंगस्टीनसोबत लिहिलेलं आहे, झीवॉन मुळात त्याच्या एका गाण्याच्या नावावरच भाळला होता, आणि स्प्रिंगस्टीनने आपलं 'जेनी नीड्स अ शूटर' शेवटी २०२० साली अल्बमवर घेतलं. गोष्ट जुन्या काउबॉय सिनेमाची, पोलीसवाल्याच्या पोरीवर प्रेम, बाप गोळी घालतो, आणि पोरगी बापासोबतच घोड्यावरून निघून जाते.

पायरी सातवी: शेवटचं गाणं हातावर मोजा

अल्बम झीवॉनच्या गाण्यावर संपत नाही. इतका शब्दांचा माणूस, आणि शेवटी तो बो डिडली वाजवतो, ज्याच्या गाण्यांत शब्द जवळजवळ निमित्ताला. इथे आपल्याला एक सोय आहे जी अमेरिकन श्रोत्याला नाही, आपल्याला सोळा मात्रा मोजता येतात. तीनतालासारख्या सोळा मात्रा धरा, जलद, आणि टाळी वाजवा १, ४, ७, ११ आणि १३ वर. बाकी सगळं मोकळं. पुन्हा एकवर या. तीनतालात सवय असेल तर पाचव्या मात्रेला हात उठेल, उठू देऊ नका, तिथे काही नाहीये. पहिली आणि तेरावी तेवढी आपल्या टाळीशी जुळते, मधल्या तीन आडव्या पडतात, आणि ते आडवं पडणं म्हणजेच बो डिडली बीट. १९५५ ला त्याने आपल्याच नावाच्या गाण्यात ती वाजवली आणि नंतर निम्म्या रॉक अँड रोलने ती उसनी घेतली.

आधी गाणं न लावता पाच मिनिटं मांडीवर ठोका बसवा. मग लावा आणि बरोबर ठोका. दोन मिनिटांनी हात आपोआप चालला पाहिजे. आता ऐका की बँड त्या एका ठेक्यावर किती खूश आहे, कारण हे त्यांचं घरचं काम, कुठल्याही बारमध्ये रात्री एक वाजता लोकांना उठवायला हेच वाजवतात. नऊ गाणी त्यांनी झीवॉनला सांभाळलं, दहाव्याला झीवॉन त्यांच्या घरी जेवायला गेला.

पायरी आठवी: ती चार जास्तीची

एक-दोन दिवसांनी. 'जॉनी स्ट्राइक्स अप द बँड' ठीक आहे, नसतं तरी चाललं असतं. 'प्ले इट ऑल नाइट लाँग' मात्र सोडू नका, अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक मोडकळीस आलेलं शेतकरी कुटुंब, म्हातारा चड्डीत मुततोय, गुरांना ब्रुसेलोसिस झालाय (हो, हा रोग रॉक गाण्यात घालणारा दुसरा कुणी दाखवा), आणि वर ध्रुवपदात मेलेल्या बँडचं गाणं रात्रभर वाजवा म्हणतो, म्हणजे १९७७ च्या विमान अपघातात ज्यांची माणसं गेली तो लिनर्ड स्किनर्ड. शेवटची दोन, 'फ्रँक अँड जेसी जेम्स' आणि 'हेसन डाउन द विंड', पियानोची आहेत आणि तिथे कळतं की आधीच्या आरडाओरड्याखाली हा माणूस किती नीट शिकलेला होता. ही दोन वेगळी, रात्री, कमी आवाजात ऐका.

यानंतर काय

लगेच 'लर्निंग टू फ्लिंच' घ्या, १९९३ चा, तोही लाइव्ह पण यात बँड नाही, एकटा झीवॉन, गिटार आणि पियानो. यातली बरीच गाणी तीच आहेत. 'वेअरवुल्व्ज' आणि 'लॉयर्स' दोन्हीकडची एकापाठोपाठ लावा, रॉक्सीत जे काम स्टिंगर आणि पिन्यॉन करत होते ते इथे त्याला एकट्याला दोन हातांनी करावं लागतंय, आणि तो करतो कसं ते बघण्यासारखं आहे. दारू तोपर्यंत सुटलेली होती, आवाज खोल गेलाय, थट्टा कोरडी झालीये.

२००३ चा 'द विंड' मात्र थांबवून ठेवा. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाल्याचं कळल्यावर केलेला तो शेवटचा अल्बम, निघाल्यानंतर दोन आठवड्यांत तो गेला, आणि त्यावर सगळे मोठे मित्र वाजवायला आलेत. लोक सुरुवातच तिथून करतात आणि मग त्यांना झीवॉन म्हणजे एक मरणाचा गायक वाटतो. आधी रॉक्सीतला बघा. वाचायची आवड असेल तर क्रिस्टल झीवॉन, त्याची पूर्वीची बायको, हिने २००७ ला लिहिलेलं चरित्र आहे, त्याच्या ओळखीच्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींतून बांधलेलं, आणि त्यात त्याला अजिबात सोडलेलं नाही, पण तेही अल्बम पचल्यावर.

आणि बो डिडलीचं १९५५ चं मूळ रेकॉर्डिंग आजच ऐकून टाका, तीन मिनिटांचं पण नाहीये.